पावणीच्या डोळ्यांतलं पाणी

कोल्हापुरात परदेशी पाहुणा आला की त्याला काय दाखवायचं यावर मतभेद होतात. काय खायला घालायचं यावर होत नाहीत. तांबडा रस्सा पाजायचा आणि समोर बसून त्याचं तोंड बघायचं. राजवाडा, तलाव वगैरे मधल्या वेळेची सोय.

२००३ साली सहकारी दूध संस्थांचा अभ्यास करायला थायलंडहून काही विद्यार्थी आले. त्यांना घरोघरी उतरवायचं ठरलं, तेव्हा अण्णासोंनी पहिला हात वर केला. बुद्धाला मानणाऱ्या देशातली पोरगी आपलं बौद्धाचं घर सोडून दुसरीकडं कशी उतरेल, एवढंच कारण त्यांनी दिलं आणि ते पुरलं.

अण्णासो एसटी स्टँडावर कंट्रोलर. राधानगरी, मुरगूड, चंदगड ही गावं माईकवर त्यांच्या तोंडून ऐकली की मुंबईच्या वरची वाटत. त्याच आवाजात त्यांनी पोरगी यायच्या आदल्या दिवशी जाहीर करून टाकलं, की पावणीच्या डोळ्यांत पहिल्या घासाला पाणी येणार.

"आणि न्हाय आलं तर?" कृष्णात कंडक्टरनं विचारलं.

"तर परवापासनं माईकवर तू."

उद्या संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर येतो आणि पावणीचे डोळे स्वतः बघतो, असं सांगून कृष्णात चंदगडच्या गाडीत चढला.

स्टँडाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. पोटातल्या अल्सरमुळं डॉक्टरांनी अण्णासोंचं तिखट केव्हाच बंद केलं होतं. बायको मीनाबाई त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात फिकी आमटी करत, आणि अण्णासो डबा उघडताना भिंतीकडं तोंड करून बसत. कोल्हापुरात माणूस दारू सोडल्याचं चारचौघांत सांगतो. तिखट सोडल्याचं नाही.

पोरीचं नाव प्लॉय. दुभाषी म्हणून अण्णासोंची मुलगी श्रुती, इंग्रजीतून एम. ए. करणारी. बिंदू चौकातल्या पुतळ्यांपासून सुरुवात झाली. अण्णासोंनी फुले-आंबेडकरांची ओळख फलाटावर गाडी लागल्यासारखी खणखणीत करून दिली. प्लॉयनं हात जोडले, फोटो काढला. मग समोरच्या पानपट्टीचा काढला. मग रंगवलेल्या शिंगांच्या म्हशीचा काढला, आणि म्हैस हलली म्हणून परत काढला. तिला काय आवडत नव्हतं ते सांगणं अवघड होतं.

जवळच्या हॉटेलात मिसळ आली. अण्णासो पुढं सरकून बसले. प्लॉयनं पहिला घास घेतला, डोळे मिटले, उघडले. कोरडे. उलट चमकत होते. तिनं कटाची वाटी उचलली, चहा प्यावा तशी प्यायली आणि वाटी पुढं केली.

आता आपल्याकडं पावण्याला एकटं जेवू देत नाहीत, आणि त्याच्या ताटात असेल तेच आपल्या ताटात असावं लागतं. अण्णासो जेवले. कपाळावरून घामाची धार लागली. त्यांनी श्रुतीला समजावलं, की सकाळची वेळ हाय, पोरीची जीभ अजून उठली नसंल.

राजवाड्यात प्लॉय पेंढा भरलेल्या वाघाकडं बघून वाघासारखेच दात दाखवून हसली. खासबागेत सरावाची कुस्ती चालली होती. तिनं पायऱ्यांवरून थाई भाषेत असं ओरडून सांगितलं, की खालचा पैलवान तिच्या सल्ल्यानं सुटला. चप्पल घेतली आणि ती कर्रकर्र वाजते हे कळल्यावर उगाचच दोन गल्ल्या जास्त चालली. मागून अण्णासो पोट धरून.

दुपारी खानावळीत तांबडा रस्सा आला. प्लॉयनं तो संपवला, आणि श्रुतीकडून विचारून घेतलं, की जरा झणझणीत काही मिळेल का. खानावळवाला भटारखान्यातून जातीनं बाहेर आला. बराच वेळ तिच्याकडं बघून त्यानं ठेचा मागवला. तिनं भाकरीवर ठेचा नव्हे, ठेच्याबरोबर भाकरी खाल्ली. अण्णासोंच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. त्यांनी पंख्याच्या वाऱ्याला दोष दिला.

रंकाळ्यावर अण्णासो बाकावर आडवे झाले. तेव्हा प्लॉयनं विचारलं, की तुझे बाबा सकाळपासून का रडतायत? श्रुतीनं सगळं सांगून टाकलं: अल्सर, फिकी आमटी, कृष्णात, माईक. प्लॉय आधी खूप हसली. मग तिनं दोन मराठी शब्द शिकवून घेतले.

दूध कट्ट्यावर म्हशी ओळीनं उभ्या होत्या आणि समोर काढलेलं कोमट दूध फेसासकट पेल्यात पडत होतं. कृष्णात आधीच येऊन थांबला होता. त्यानं अण्णासोंकडं पाहिलंसुद्धा नाही, सरळ पोरीपुढं गेला.

"काय पावणं, कसं काय जेवण?"

प्लॉयनं दोन्ही मुठींनी डोळे चोळले. जीभ बाहेर काढली, हातानं वारा घेतला, आणि अर्ध्या गंगावेशीला ऐकू जाईल असं म्हणाली, "लई तिखट!" मग एक पेला दूध घटाघटा प्यायली, आणि दुसरा मागितला. तो मात्र खराच आवडला म्हणून.

कृष्णातनं डोळे निरखले. चोळून लाल झालेच होते. माईक गेला म्हणून तो थोडा हिरमुसला, पण कोल्हापूर जिंकलं म्हणून दुधाचे पैसे त्यानंच दिले.

परतताना अण्णासोंची मान ताठ. पोरीला ठसका बसला, हे त्यांनी पहिल्या शब्दापासून खरं मानलं होतं. आपलं तिखट असंच असतंय, श्रुतीला ते सांगत होते, आधी लाड करतंय, मग गाठतंय. बाबा काय म्हणाले, असं प्लॉयनं विचारलं. "थँक यू म्हणतायत," श्रुती म्हणाली.

घरी मीनाबाईंनी ही बातमी ऐकली आणि पोरीची भलतीच कीव येऊन त्यांनी चुलीवरचं कोंबडीचं कालवण तसंच बाजूला सारलं. लहान पातेलं काढलं. प्लॉयच्या ताटात फिकी आमटी आणि भात. पावणीला एकटं कसं जेवू द्यायचं, म्हणून अण्णासोंनीही तेच वाढून घेतलं, आणि कित्येक दिवसांनी भिंतीकडं पाठ करून, सगळ्यांच्या समोर, मिटक्या मारत जेवले.

प्लॉयनं पहिला घास तोंडात घातला. चावत राहिली. दारामागून कालवणाचा वास येत होता. हळूहळू तिचे डोळे भरून आले.

अण्णासोंनी मायेनं तिच्या ताटात अजून एक पळी आमटी घातली.

"अजून उतरलं न्हाय बघ पोरीचं," ते मीनाबाईंना म्हणाले.