हॉइटचा तळहात

आमच्या बेसबॉल संघाच्या बुलपेनमध्ये यंदा काय दम आहे, हे मला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं, आणि तोवर मी मैदानाकडे फिरकलेही नव्हते.

संध्याकाळी साडेपाचला हॉइट घरी यायचा, टोपी खुंटीला अडकवायचा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून डावा हात माझ्यापुढे उताणा धरायचा. शेजारी बर्फाच्या पाण्याचं पातेलं तयार असायचं. पण हात पाण्यात जाण्याआधी मी तो नीट बघून घ्यायचे. अंगठ्याच्या मुळाशी निळसर डाग असला की समजायचं, आज लायलने फेकलं. लायल हा जॉर्जियातला लांब हातापायांचा पोरगा. चेंडू जोरात यायचा, पण शेवटच्या वितीत कुठे वळेल ते त्यालाही माहीत नसायचं. तर्जनीचं पेर सुजलेलं असलं की नीवेस. त्याचा चेंडू जड, पण सरळ; त्याची काळजी नव्हती. हॉइट कधी काही सांगायचा नाही. सांगायची गरजही नव्हती.

आमचा संघ म्हणजे बगळे. नाव संघाला कुणी दिलं कोण जाणे, पण मैदानामागच्या तळ्यात खरे बगळे उभे असायचे आणि त्यांतले बरेचसे आमच्या फलंदाजांपेक्षा चपळ होते. मैदानाच्या कडेला तारेच्या जाळीमागे एक चिंचोळी पट्टी होती, तेच बुलपेन. राखीव पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, तिथे बसायचे. खेळणाऱ्या पिचरचा हात ढिला पडला की त्यांच्यातला एक जण उठून, वीसपंचवीस चेंडू टाकून हात गरम करायचा आणि आत जायचा. ते वीसपंचवीस चेंडू झेलायला समोर उकिडवा बसायचा तो माझा नवरा. गुडघा गेल्यापासून तो खऱ्या सामन्यात कधी बसला नाही. कुंपणाआडचा कॅचर एवढंच त्याचं काम, आणि त्या कामावर आमचं घर सुखात चाललं होतं. बाकी मी बोटींच्या गाद्या शिवायला जायचे.

यंदा बुलपेनमध्ये जागा चार होत्या. तीन ठरल्यासारख्या होत्या. चौथ्या जागेसाठी दोघं होते: लायल आणि ड्यूई परविस.

ड्यूई एकोणचाळीस वर्षांचा, डावखुरा. अकरा वर्षं आमच्याकडे होता. दर रविवारी जेवायला यायचा, येताना कागदी पिशवीत मिठात उकडलेल्या शेंगा आणायचा आणि दोन तास बसून त्यातल्या बऱ्याचशा स्वतःच खायचा. हॉइटचा गुडघा गेला त्या वर्षी संघ त्याला घरी पाठवणार होता. तेव्हा ड्यूईने मॅनेजरच्या खोलीत जाऊन सांगितलं, की हात गरम करताना समोर हॉइट नसेल तर मी फेकणार नाही. ड्यूई त्या वेळी इतका चांगला होता, की त्याचं ऐकावं लागलं. हे आमच्या घरात कुणी पुन्हा बोलून दाखवलं नाही. रविवारी त्याच्या ताटात माशाचा मोठा तुकडा पडायचा, तेवढंच.

यंदा जागा मिळाली नाही तर त्याला मेहुण्याच्या दुकानात गाद्या विकायला जावं लागणार होतं. "दिवसभर गिऱ्हाइकासमोर गादीवर पडून दाखवायचं," तो म्हणायचा. "माझ्या बहिणीला वाटतं, याला हे काम जमेल." तो हसायचा, पण शेंगांची टरफलं जरा जास्तच बारीक चुरायचा.

ड्यूईचं वय बघून त्याची पाळी दर तिसऱ्या दिवशी ठेवली होती, आणि त्या दिवशी हॉइट फक्त त्याचेच चेंडू झेलायचा. आता मी काय पाहिलं ते सांगते. अकरा वर्षांत ड्यूईने माझ्या नवऱ्याच्या हातावर एक डाग ठेवला नव्हता. तो चेंडू मागितला तिथे टाकायचा. ग्लोव्ह हलवावासुद्धा लागायचा नाही. त्याच्या दिवशी मी बर्फ काढायचेही नाही. आणि यंदा, त्याच्या पहिल्याच पाळीला, हॉइटचा तळहात बरोबर मधोमध लालभडक होता. नाण्याएवढा नव्हे, चांगला बशीएवढा.

मी विचारलं, तर म्हणाला, म्हातारा यंदा जोरात आहे.

मला आनंद झाला. मग धुवायला म्हणून त्याच्या मागच्या खिशातला स्पंज काढला. ग्लोव्हच्या आत तळहाताशी ठेवायला मीच बोटीच्या गादीच्या उरलेल्या तुकड्यातून गोल चकती कापून दिली होती. रोज ती घामाने चिंब असायची. आज कोरडी होती.

पुढच्या पाळीलाही तसंच. हात लाल, स्पंज कोरडा.

मी शाळेत आठवीपर्यंत गेले, पण एवढं जोडायला आठवीसुद्धा लागत नाही. स्पंज काढून, चामडं ताणून, चेंडू नुसत्या तळव्यावर घेतला की बंदुकीच्या बारासारखा आवाज निघतो. नवा पिचर घाबरलेला असला की सगळेच कॅचर हे करतात. आपल्या चेंडूचा असा आवाज ऐकला की पोरगं दोन इंच उंच होतं. त्यात पाप नाही. पण ते एका दिवसासाठी असतं.

आणि आमचे मॅनेजर, मिस्टर बोडिन, बुलपेन पारखायचे तेच मुळी कानाने. तेव्हा वेग मोजायचं यंत्र आमच्यासारख्यांकडे नव्हतं. असतं तरी बोडिननी ते तळ्यात फेकलं असतं. घडीची खुर्ची जाळीला पाठ करून मांडायचे, वर्तमानपत्र उघडायचे आणि मागचे आवाज ऐकायचे. त्यांना त्याचा अभिमान होता. डोळ्यांना फसवता येतं, कानांना नाही, असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे.

शनिवारी सरावाचा सामना होता. मी गेले. संत्र्याच्या बागा फुलल्या होत्या, वाऱ्याबरोबर वास थेट बाकांपर्यंत येत होता, आणि जाळीमागे ड्यूई हात गरम करत होता. आवाज असा, की पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघत होत्या. बोडिन पेपरामागे मान डोलवत होते. ड्यूईचे खांदे पंचवीस वर्षांच्या पोरासारखे मागे गेलेले.

मग तो आत गेला आणि त्याने जोरात फेकायला सुरुवात केली. म्हणजे त्याला वाटत होतं तेवढ्या जोरात. पहिल्या फलंदाजाने मारलेला चेंडू कुंपणाला लागला. दुसऱ्याने मारलेला कुंपणाबाहेर गेला. तिसऱ्या फलंदाजाला तर चेंडू कुठे मारावा हे ठरवायला वेळ मिळाला, असं माझ्या मागचा एक जण म्हणाला. ड्यूई परत येताना ग्लोव्हमध्ये बघत होता, जणू चेंडूच बदलून कुणी दुसरा दिला.

रविवारी तो जेवायला आला तेव्हा तेच तेच बोलत होता. वेग तर आहे, आवाज तर ऐकतोस ना हॉइट, मग नशीबच खराब म्हणायचं. पुढच्या वेळी आणखी जोर लावून बघतो. हॉइट मक्याच्या पावाचे तुकडे करत बसला होता. एकही तोंडात गेला नाही.

ड्यूई गेल्यावर मी पातेलं पुढे ठेवलं आणि बर्फ टाकलाच नाही.

"तू त्याच्याशी खोटं बोलतोयस," मी म्हटलं.

"मी कुठे बोललो?" हॉइट म्हणाला. "मी नुसतं झेललं."

"त्याचा चेंडू आता कसा येतो?"

त्याने हात उताणा केला. मग म्हणाला, की पहिल्या दिवशी चेंडू ग्लोव्हमध्ये आला तेव्हा काही आवाजच झाला नाही. टेबलावर कणकेचा गोळा ठेवावा तसा. ड्यूईचा चेहरा त्याला बघवला नाही. म्हणून एकच दिवस, असं ठरवून त्याने स्पंज काढला. दुसऱ्या वेळी तो काढावाच लागला, कारण मग ड्यूईने विचारलं असतं, की परवा होता तो आवाज आज कुठे गेला.

"आणि जागा?" मी विचारलं. "मागितलेल्या जागी पडतो का अजून?"

"वर्ना, डोळे मिटून बसलो तरी झेलेन," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज जरा चढला. "केसाचा फरक नाही."

"मग ते सांग ना त्याला. तू त्याला नसलेला हात दिलास, तो त्याच हाताने फेकतोय."

सांगेन म्हणाला. सोमवारी सांगितलं नाही, बुधवारीही नाही. माझा नवरा जगातला सगळ्यात चांगला माणूस आहे, आणि अशा माणसांकडून अशी कामं होत नाहीत. शुक्रवारी शेवटचा सराव सामना होता, शनिवारी यादी लागणार होती.

गुरुवारी हॉइट न्हाव्याकडे गेला. मी ग्लोव्ह घेतला, मनगटाकडच्या बाजूने अस्तर उसवलं, स्पंजची चकती आत बसवली आणि बोटीच्या गाद्यांसाठी वापरतो त्या मेणाच्या दोऱ्याने चारी बाजूंनी शिवून टाकली. बारीक टाके घातले. समुद्रात गेली असती तरी ती चकती सुटली नसती. दुसरा ग्लोव्ह नवा होता, लाकडासारखा कडक; तो घेऊन हॉइट बुलपेनमध्ये बसणार नाही हे मला ठाऊक होतं.

शुक्रवारी मी जाळीजवळच्या बाकावर बसले. मांडीवर विणकाम होतं, पण कोणत्या ओळीवर होते ते विचारू नका. सातव्या डावात बोडिननी पेपरातून मान वर न काढता ड्यूईला उठायला सांगितलं. हॉइटने ग्लोव्हमध्ये हात घातला आणि थबकला. बोटांनी आतून चाचपलं. मग त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. मी विणत राहिले.

ड्यूईने जोर लावून पहिला चेंडू टाकला.

थप्प.

ड्यूईने चेंडू परत घेतला, पँटला पुसला आणि पुन्हा टाकला. तोच आवाज. तिसऱ्यांदाही तोच. बोडिनचा पेपर खाली आला. ड्यूई चालत चालत हॉइटपाशी गेला, त्याच्या हातातून ग्लोव्ह काढून घेतला आणि आपला हात आत घातला. बोट टाक्यांवरून फिरवलं. मग वळून बाकाकडे पाहिलं. असे टाके त्याच्या दोन शर्टांच्या कोपरांवर होते, त्याला ओळखायला वेळ लागला नाही.

"कधीपासून?" त्याने हॉइटला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं, हा आता ग्लोव्ह खाली टाकून निघून जाईल. थेट मेहुण्याच्या दुकानात. मी हे काय करून बसले होते! पण ड्यूईने ग्लोव्ह हॉइटला परत दिला, जागेवर जाऊन उभा राहिला आणि थोडा वेळ नुसता तळ्यातल्या बगळ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खाली धर. बाहेरच्या कोपऱ्यात." आणि इतका हळू चेंडू टाकला, की मला त्याची शिवण दिसली. हॉइटचा ग्लोव्ह हलला नाही. मग आत धर म्हणाला. मग गुडघ्याशी. एकेक चेंडू आधीच्यापेक्षा हळू, आणि प्रत्येक तिथल्या तिथे.

तो आत गेला तेव्हा मिस्टर बोडिन उठले, खुर्ची उचलली आणि मैदानाकडे तोंड करून मांडली. बारा वर्षांत तसं मी पाहिलं नव्हतं.

पहिल्या फलंदाजाने चेंडू यायच्या आधीच बॅट फिरवली आणि स्वतःभोवती एक गिरकी घेतली. शेवटी त्याने हळूच ढकललेला चेंडू ड्यूईनेच उचलून त्याला बाद केलं. दुसऱ्याचा उंच उडालेला झेल पकडला गेला. तिसऱ्याने जोरात मारला, अगदी कडाडून, पण सरळ आमच्या माणसाच्या हातात. त्यात ड्यूईची काही हुशारी नव्हती. तेवढं नशीब त्याच्या वाट्याचं राहिलंच होतं.

बोडिन जाळीपाशी आले. मला वाटतं, ते ड्यूईपेक्षा स्वतःवर जास्त चिडले होते.

"तो आवाज मला अजिबात आवडला नाही," ते म्हणाले. मग हॉइटच्या ग्लोव्हकडे बघून म्हणाले, "मे महिन्यापर्यंत बघू."

शनिवारच्या यादीत चौथं नाव ड्यूईचं होतं. लायलला खालच्या संघात पाठवलं. बससाठी मी त्याला पीच भरून भाजलेली गोड पाई बांधून दिली. तो पोरगा एक दिवस मोठा पिचर होईल, पण अंगठ्याखालचा तो निळा डाग आता दुसऱ्याच कुणाच्या बायकोला बघावा लागेल.

रविवारी ड्यूई आला. शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली. हॉइट आधीच बर्फाच्या पाण्यात हात घालून बसला होता. ड्यूईने त्याचं मनगट धरून हात बाहेर काढला, उजेडाकडे वळवला. मीही वाकून पाहिलं. तळवा लहान मुलासारखा स्वच्छ होता. लाल नाही, निळं नाही, काही नाही.

"मूर्खा," ड्यूई म्हणाला. "सगळा मार्च माझ्यासाठी हात भाजून घेतलास." मग माझ्याकडे वळला. "आणि तू बाई, निदान टाके तरी जरा वाकडे घालायचेस. मी दुसऱ्या कुणाचे समजलो असतो."

मी त्याच्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला. ड्यूईने एक शेंग सोलली, दाणे हॉइटपुढे सरकवले आणि दुसरी सोलायला घेतली. हॉइटने हात परत पाण्यात घातला. काही दुखत नव्हतं, काही सुजलं नव्हतं, तरी बर्फ विरघळेपर्यंत तो तसाच बसून राहिला, आणि मी पातेलं उचललं नाही.