सातवा रकाना

अपिलाच्या अर्जातला सातवा रकाना: पहिल्या तपासणीत चूक कशी झाली?

मी लिहिलं: बाबा बावीस वर्षं तोफखान्यात होते. त्यांना ऐकू येत नाही. ते समोरच्याचे ओठ वाचतात आणि सगळ्याला ‘हो सर’ म्हणतात. म्हणून वीसच टक्के अपंगत्व लागलं, आणि तेवढ्यावर कानाचं यंत्र मिळत नाही.

बाबांनी ते खोडलं. “तोफा मी डागल्या आणि रडगाणं तू गातेस! लिही, थोडं कमी ऐकू येतं.”

मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा खोडलं. रकाना नुसत्या खाडाखोडीचाच गेला.

फेरतपासणीला डॉक्टर नवे होते. बाबा कडक इस्त्रीच्या शर्टात, ताठ.

“काका, माझं बोलणं ऐकू येतंय?”

“हो सर! कान एकदम ठणठणीत.”

डॉक्टर लिहायला लागले. बाबांना माझे ओठ दिसू नयेत म्हणून मी मान वळवली आणि म्हणाले, “डॉक्टर, तोंडासमोर फाइल धरून विचारा ना.”

फाइलीआडून प्रश्न आला, “काका, मुलीचं नाव काय?”

“हो सर,” बाबा म्हणाले.

खोलीत कुणीच हसलं नाही. बाबांनी आधी फाइलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डॉक्टरांनी आधीचं खोडलं, मशीनवर कान तपासले आणि साठ टक्के लिहिले.

जिना उतरताना बाबांनी मागून विचारलं, “मान वळवून काय सांगितलंस गं त्यांना?”

मी थांबले नाही. पाठमोरीच सगळं खरं सांगितलं, माफीसुद्धा मागितली.

“हो, हो,” मागून आवाज आला.