तिसरा बाक

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात वाफेवाल्या मावशी एकवीस वर्षं वाफेच्या यंत्रावर होत्या. खोटं वाटलं तर वाटू द्या, पण यंत्र बिघडायच्या आदल्या दिवशी शिंका मावशींना यायच्या. अशा बाईला व्यवस्थापकाने बजावलं, की यंत्रावरची सूचनांची पाटी तीन महिन्यांत वाचून दाखवा, नाहीतर मळक्या चादरी निवडायला बसा. त्या चादरींत काय काय निघतं हे मावशींना पुरतं ठाऊक होतं. त्या रुग्णालयाच्याच वरच्या मजल्यावर प्रौढांच्या साक्षरता वर्गाला गेल्या.

वर्गावर दोन विद्वान होते. घोकंपट्टी सरांच्या मते प्रौढ माणूस म्हणजे रिकामं पिंप, वरून ओतत राहायचं. अनुभवबाईंच्या मते प्रौढाला आतून सगळं येतच असतं, आपण फक्त विचारत राहायचं. बाईंचा प्रश्न सुरू होताना दोरीवर टाकलेली ओली चादर तो संपेपर्यंत वाळून घडीला यायची. पहिल्याच दिवशी दोघांची अशी जुंपली, की शेवटी तुलनाच करू असं ठरलं. पहिला बाक सरांचा, दुसरा बाईंचा. आणि तुलना शास्त्रशुद्ध व्हायला हवी, म्हणून तिसऱ्या बाकाला काहीच शिकवायचं नाही.

पंखा तिसऱ्या बाकावर होता, म्हणून मावशी तिथे बसल्या होत्या. शेजारी त्यांची जाऊ आणि धुलाईखान्यातलीच इस्त्रीवाली.

"मग आम्ही काय करायचं?" मावशींनी विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले. "तुमचं काही न करणं फार मोलाचं आहे."

"मग घरी जाऊ?"

"छे, हजेरी आहे ना."

जाऊबाई कुजबुजल्या, "बसा वहिनी. घरी फुकट बसलात तर भावजी ओरडतात, इथे निदान शास्त्राला उपयोग."

महिनाभर पहिला बाक ओरडला, दुसऱ्याने बालपण आठवून डोळे पुसले, तिसऱ्याच्या हातातून पाटी-पेन्सिलसुद्धा काढून घेतली. मावशींचं धाबं दणाणलं. मग विद्वान भांडायला लागले, की तिघी खाली यंत्राशी सटकू लागल्या. भांडण रोजचंच, त्यामुळे खाडा कधी झाला नाही. चादरींवर विभागांची नावं शिवलेली असत आणि इस्त्रीवालीला ती तोंडपाठ होती. 'बाल'मधला बा, 'पुरुष'मधला पु, असं एकेक अक्षर ती सोडवून द्यायची आणि तिघी ते वाफ धरलेल्या काचेवर बोटाने गिरवायच्या. कुठल्या ओळीत काय असणार हे मावशी सांगायच्या. पाण्याआधी वाफ सोडणारा गाढव अजून जन्मायचा होता. चुकलं की जाऊबाई टोमणा मारायच्या, त्यामुळे तेच तेच परत चुकायची कुणाची टाप नव्हती.

परीक्षेला पहिल्या बाकाने पाटीकडे न बघता पुस्तकाचं पहिलं पान घडाघडा म्हटलं. दुसऱ्याने पाटी बघून काय वाटतं ते सांगितलं, आणि गहिवरून सांगितलं. मावशींनी नऊच्या नऊ ओळी वाचल्या. वर म्हणाल्या, "साहेब, सहावी ओळ चुकीची आहे. हिच्याप्रमाणे चाललं तर झाकण छतात जाईल." व्यवस्थापकाने दोन पावलं मागे सरून मावशींना यंत्रावरच ठेवलं.

विद्वानांचं मात्र पहिल्यांदाच एकमत झालं. प्रौढांना न शिकवणं हेच श्रेष्ठ, असं नवं तत्त्वज्ञान त्यांना गवसलं. मावशींच्या नावाने निवेदन टाइप होऊन आलं: 'मला कोणीही शिकवलं नाही, म्हणून मी शिकले. पुढच्या वर्गात कोणालाच शिकवू नये.' सरांनी शाईचा डबा उघडला आणि अंगठ्यासाठी मावशींचा हात धरला.

मावशींनी हात सोडवून पेन मागितलं. 'कोणीही' खोडून वर लिहिलं 'या दोघांनी', 'म्हणून'च्या जागी 'तरी', आणि पुढचं सगळं वाक्य उडवलं. मग खाली शिक्षकांच्या रकान्यात इस्त्रीवालीचं आणि जावेचं नाव घातलं, आणि शाई वाळेपर्यंत कागद दोघांच्याही हाती दिला नाही.