गुरुवार : संपूर्ण विश्रांती

शिवानी जिल्हास्पर्धेत तीन हजार मीटरमध्ये पहिली आली. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजू. कारण जुलैअखेरच्या त्या शुक्रवारी रघुवीर सरांना असं कुणी सांगितलं असतं, तर सरांनी आधी त्या माणसाचीच चौकशी केली असती.

त्या शुक्रवारी भोरच्या शाळेच्या मैदानावर शिवानी धावून थांबली आणि सरांनी स्टॉपवॉच बघितलं. बारा मिनिटं चार सेकंद. जूनमध्ये हीच मुलगी साडेअकराच्या आत येत होती.

"काल व्यायाम केलास?"

"न्हाई सर."

"अजिबात?"

"अजिबात. गुरुवार व्हता ना."

सर एकतीस वर्षं खेळ शिकवत होते आणि त्यांचा एकही विद्यार्थी तालुक्याच्या पुढे गेला नव्हता. मार्चमध्ये निवृत्ती. शिवानी ही शेवटची संधी, म्हणून त्यांनी तिला शास्त्रशुद्ध तक्ता करून दिला होता. ताण हळूहळू वाढवायचा, एक दिवस जोराचा, एक हलका, आणि गुरुवारी संपूर्ण विश्रांती. तरी मुलगी दर शुक्रवारी मंदावत होती. यात कुणाचा तरी हात होता.

सरांनी संशयितांची यादी केली. पहिलं स्टॉपवॉच. ते भिंतीवरच्या घड्याळासमोर तासभर चालवलं; निर्दोष निघालं. मग खिचडी शिजवणाऱ्या अंबूबाई. "तुमीबी तीच खाताय न्हवं, सर?" असं म्हणून त्यांनी सरांच्या पोटाकडे पुरावा म्हणून बोट दाखवलं. शेवटी सरांनी मैदानावर संशय घेतला आणि ते टेपने मोजलं. फेरी चारशेऐवजी तीनशे शहाण्णव मीटरची भरली. म्हणजे शिवानीची वेळ होती त्याहून वाईट होती. हा तपास सरांनी तिथेच थांबवला.

पुढच्या गुरुवारी त्यांनी किरकोळ रजा टाकली, कारण 'खासगी चौकशी', आणि एसटीने शिवानीचं गाव, आंबवडे, गाठलं. रेनकोट घालून ते करवंदीच्या जाळीमागे बसले.

समोर खाचरात बारा जणी भात लावत होत्या. त्यांत शिवानी होती. डाव्या हातात रोपांची जुडी, उजवा हात दिसतच नव्हता. सवयीने सरांनी स्टॉपवॉच दाबलं. बाकीच्या निम्म्यावर होत्या तेव्हा तिची ओळ संपली होती. शरीर जे काम करतं त्यातच सुधारतं, असं सरांच्या पुस्तकात होतं. थोडक्यात तक्ता यशस्वी झाला होता, फक्त खेळ वेगळा निघाला.

"कोन हाय त्ये? जनावर का मानूस?"

मागे शिवानीची आई, फुलाबाई, उभी होती. डोक्यावर गवताचा भारा.

"मी... सर आहे."

"मंग दडलाय कशापायी?"

सर चिडले. "आज विश्रांती लिहिली होती मी!"

"म्हनूनच धाडली न्हवं! इर्जिक हाय वाडीची. आज आमी यांच्यात, उंद्या ते आमच्यात. घरटी एक मानूस लागतंय. तुमच्या कागदावर गुरुवार मोकळा दिसला, समद्यांनी त्योच धरला."

साऱ्या वाडीने मोबाईलवर तक्त्याचा फोटो काढून ठेवला होता. सरांच्या शब्दाचं इतकं काटेकोर पालन आजवर कुणीच केलं नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीस गं?" सर बांधावरून ओरडले.

"तुमी व्यायामाचं इचारत व्हता, सर," शिवानी चिखलातून म्हणाली. "लावनी कुठं व्यायाम हाय?"

"फुलाबाई, विश्रांती म्हणजे बसून राहायचं असतं."

"तापबीप नसताना?"

"नसताना."

फुलाबाईंनी अंगारा विकायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं सरांकडे बघितलं. "अन् त्यानं काय व्हतंय?"

"कामाने शरीर मोडतं. आराम दिला की आधीपेक्षा घट्ट बांधलं जातं. नाही दिला, तर मोडतच जातं."

फुलाबाईंनी भारा खाली टाकला. कमरेवर हात ठेवून त्या सरळ होऊ लागल्या. त्याला वेळ लागला. सरांच्या हातातलं घड्याळ अजून चालूच होतं.

"एकोनीस वर्सं झाली मला हितं नांदायला येऊन," त्या म्हणाल्या. "एकबी गुरुवार न्हाई घावला."

मग त्यांनी लुगडं खोचलं. "शिवे, निघ भाईर. तुजी वळ म्या लावते."

"आणि हा भारा?" सरांनी विचारलं.

"जाताना न्हेते की."

पुढचे सगळे गुरुवार शिवानी शिक्षा झाल्यासारखी उंबऱ्यावर बसून राहिली. तालुका झाला, आणि मग ऑक्टोबरात आपण न वाचलेलं ते वाक्य घडलं. वरून एक फॉर्म आला : 'खेळाडूच्या यशात सहभागी व्यक्ती व त्यांच्या मागण्या.' सरांनी स्वतःचं नाव लिहिलं, खोडलं, आणि वेगळा कागद जोडला.

'विषय : विश्रांती मंजूर करणेबाबत.

महोदय, सविनय सादर की, फुलाबाई, मु. आंबवडे, यांना गेली एकोणीस वर्षे वाढत्या क्रमाने ताण देण्यात आला असून विश्रांतीचा दिवस नजरचुकीने राहून गेला आहे. सबब, त्यांना दर गुरुवारी संपूर्ण विश्रांती मंजूर करावी, व त्या दिवसापुरता भारा उचलण्यास बदली माणूस देण्यात यावा, ही विनंती.

सोबत : तक्ता.'