दार थांबवणारी

मी लिफ्टच्या दारातून बोलतेय. इकडेतिकडे बघू नका, दिसायची नाही मी. ना हात ना पाय. संगणकाच्या भाषेतल्या चार ओळी, एवढाच माझा संसार. आमच्या कुळीला मेथड म्हणतात. तोरा मात्र असा, की मी 'हूं' म्हटल्याशिवाय शहरातलं एकही दार मिटत नसे. बरं, थोडी थाप असेल. पण आमच्या इमारतीतलं तरी नसे.

मला लिहिलं लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीतल्या एका गृहस्थांनी. त्यांच्या बायकोचा गुडघा कुरकुरायचा. म्हणून त्यांनी तिला घरातल्या घरात काठी टेकत चालवलं, स्वतः घड्याळ धरून बसले आणि दारानं किती थांबायचं ते मला शिकवलं.

"बघ, दार आता तुझ्यासाठी थांबेल."

"तुम्ही कधी थांबलात? दार कुठलं थांबायला!" बाई म्हणाल्या.

पण मी थांबले. बाई रोज खाली बाकावर मैत्रिणीशी गप्पा छाटायला जात आणि आत शिरताना दाराला थोपटत.

पुढे त्यांची लेक त्याच कंपनीत लागली. तिनं नव्या दारांसाठी माझ्या क्लासचा, म्हणजे मी राहते त्या घराचा, वारस लिहिला आणि त्यातल्या मेथडला माझंच नाव दिलं. आमच्या घराण्याचा कायदा असा, की एका नावाच्या दोघी असल्या तर वारसाकडचीचं चालतं. पालकाकडची हवी असेल, तर वारसानं 'सुपर' अशी एका ओळीत हाक मारायची. लेकीनं मारली नाही. पोर उर्मट नव्हती हो. नवं दार जन्माला येतं तेव्हा पालकाचं काम आपोआप आधी होतं. तिला वाटलं, पुढेही तसंच होत राहील. जन्माच्या वेळी आईबाप आपसूक हजर असतात. नंतर बोलवावं लागतं.

नवं सॉफ्टवेअर आमच्या इमारतीत आलं आणि बाई उंबऱ्यावर असतानाच दार मिटू लागलं. मी आतून जीव तोडून ओरडले. पण न बोलावलेल्या माणसाचं कोण ऐकतं?

"अहो, तुमचं दार मला गिळायला बघतंय."

"दार तेच आहे, मी शिकवलेलं. तुझीच चाल मंदावली."

बाईंनी ते खरं मानलं. एकदा दारात काठी अडकली आणि त्यांनी धसकाच घेतला. बाक सुटला. मैत्रिणीला खिडकीतूनच हात करायच्या. मग अंथरूण धरलं. मग गेल्या.

पुढे कुणाच्या तरी तक्रारीवरून लेकीनं तो क्लास उघडला, आणि तशीच उठून घरी आली.

"बाबा, आईची चाल नव्हती मंदावली. सुपर लिहायचं राहिलं माझ्याकडून."

बाबा चष्मा पुसतच राहिले. "आणि मी तिला म्हातारी ठरवली गं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं ती ओळ लिहिली.

लिहिणाऱ्या पोरांनो, थोरांचं सगळं तसंच ठेवा, असं नाही म्हणत मी. बदला, खुशाल बदला. फक्त आधी विचारा, हे कुणासाठी लिहिलं होतं.

आता बाबा लिफ्टमध्ये शिरतात, बटण दाबतात, आणि दार उघडंच राहतं, बाईंच्या चालीइतकं. शेजारी वैतागतात, "काका, बिघडलंय का हे?"

"नाही हो," बाबा म्हणतात, आणि थोडं मागे सरकून एका माणसापुरती जागा करतात.