साडेपाच तास

बोळिंजच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात बसून रेवाने संगणकावरच्या दोन मॉडेलांचं लग्न लावून दिलं होतं. एक समुद्रातल्या प्रवाहांचं, दुसरं त्या पाण्यात वाढणाऱ्या शेवाळाचं. तिच्या संशोधन संस्थेत सगळ्यांनी पाठ थोपटली. यंदाचं शेवाळ विषारी होतं. त्याचं विष तिसऱ्यांमध्ये, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांमध्ये, उतरलं की शिजवूनही जात नाही. मॉडेल म्हणालं, शेवाळ खाडीबाहेर जाईल. खाडीत तिसऱ्या काढून विकणारी फ्लॉसीमावशी रेवाच्या जुन्या ओळखीची. काल रेवाने तिला फोनवर छातीठोक सांगितलं, "जा खुशाल."

आज दुपारी ती सहज आकडे चाळत होती, आणि वेळेच्या रकान्यावर थबकली. प्रवाहांचं मॉडेल ग्रिनिचच्या वेळेवर चालत होतं, शेवाळाचं भारतीय वेळेवर. साडेपाच तासांची तफावत! तेवढ्या वेळात खाडीत ओहोटीची भरती होते. म्हणजे शेवाळ बाहेर गेलंच नव्हतं, आत शिरलं होतं. एवढी शिकलेली बाई, आणि दोघांची घड्याळं जुळवायची राहिली.

मावशीची रीत तिला ठाऊक होती. पहिल्या मूठभर तिसऱ्या उकडून स्वतः खायच्या, तासभर थांबायचं, ओठांना मुंग्या आल्या नाहीत तरच विकायला टोपली उचलायची. रेवाने फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. चुलीपाशी आडवी पडलेली मावशी तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. चौथ्या खेपेला आवाज आला.

"बोल गं बाय. पाय धूत होते."

"मावशी, तिसऱ्या खाल्ल्यास?"

"आज नाय खाल्ल्या."

रेवाच्या जिवात जीव आला. डोळे पुसत ती म्हणाली, "पण तू तर रोज आधी..."

"आज कशाला? तूच बोललीस ना, पानी साफ हाय. तासभर वाचला बघ. दहाच्या आत पापडीच्या बाजारात जाऊन बसले, टोपली हातोहात गेली."

"कुणी घेतल्या?"

"गिऱ्हाइकाला नाव कोन विचारतं? एकीने दोन वाटे घेतले. नातवंडं आलीत म्हनाली."

रेवाने घड्याळ पाहिलं. सव्वा वाजला होता. पापडीत घरोघरी पानं वाढली जात असतील.

"का गं?" मावशीचा आवाज बारीक झाला. "काय झालं?"

"माझं चुकलं, मावशी. पळ, पापडीत दिसेल त्या दारात ओरड, तिसऱ्या खाऊ नका म्हणून," रेवा म्हणाली आणि अनवाणीच जिना उतरू लागली.