लिस्बनची प्लेट

"नको उघडूस ती," पीटर दारातूनच म्हणाला.

लुईझाने ऐकलं नाही. कंपनीच्या माणसाने आणून दिलेल्या बॅगेतून ती गेविनचे कपडे काढत राहिली. घड्या कुणा परक्याच्या हाताच्या होत्या. तळाशी स्वेटरमध्ये गुंडाळलेली प्लेट निघाली. निळं चर्च, वर चांदणी, खाली लिस्बन आणि यंदाचं साल.

गेविन क्रूझवर वेटर होता. दरवर्षी कुठल्या तरी बंदरातून आईसाठी नाताळची प्लेट आणायचा. चौक गावातल्या त्या घराची अख्खी भिंत प्लेटांनी भरली होती. बंदरांची नावं लुईझाला धड उच्चारता यायची नाहीत, पण शेजारणींना ती बोट लावून दाखवायची, "इथं माजा पोर जाऊन आला."

ऑक्टोबरमध्ये वादळात तो डेकवरून समुद्रात पडला. शोध घेतला, मग थांबवला. देह मिळाला नाही. पीटर तेव्हापासून रोज होडी काढत होता, पण जाळं टाकत नव्हता.

"पप्पा, तो समुद्र किती लांब आहे," मुलगी टिना सांगून थकली.

"पाणी तं एकच हाय ना?"

टिना खिळा-हातोडी घेऊन आली. "मम्मी, हीपण लावूया ना, बाकीच्यांच्या बाजूला."

"न्हाय. त्या त्यानं माज्या हातात दिल्या. ही कुटं दिली?"

प्लेट स्वेटरात तशीच टेबलावर राहिली. घरातले खाली बसून जेवू लागले.

मग एका सकाळी पीटर होडीकडे गेला नाही. चर्चला घालायचा शर्ट घालून तो टेबलापाशी आला.

"चल. ठेवून येऊ त्याला."

लुईझाने स्वेटरच्या बाह्यांची घट्ट गाठ मारली आणि उठली.

फादरनी नाही म्हटलं नाही. कबरस्तानात पीटरच्या आईबापांच्या शेजारी जागा होती. खणणाऱ्याने लुईझाच्या कुशीतलं गाठोडं पाहिलं, हातभर माती काढली आणि फावडं टेकवून उभा राहिला.

"बस ना, अंकल? एवढ्याशाला पुरेल."

"न्हाय," पीटर म्हणाला. "पुरा खण. माजा पोर उंच हाय."